बदलापूर की नालासोपारा? घर घेण्याआधी लोकलचं गणित समजावून सांगा

मुक्ता_भांडुप (धागाकर्ती)

मंडळी, सल्ला हवाय. सध्या भांडुपला भाड्याने राहतो. मालकांना जागा हवी आहे, त्यामुळे आता भाडं भरण्यापेक्षा हप्ताच भरू असं दोघांनी ठरवलं. बजेटमध्ये वन बीएचके बसतोय तो दोनच ठिकाणी, बदलापूर पूर्व किंवा नालासोपारा पश्चिम. माझं ऑफिस परळला, स्टेशनपासून चालत. नवऱ्याचं ऐरोलीला, पण त्याला रोज जावं लागत नाही. सासूबाई आमच्याकडेच असतात.

दोन्हीकडे घरं बघून आलो. घरं बरी आहेत, पाण्याचं दोन्हीकडे "टँकर लागत नाही हो फारसा" असं उत्तर मिळालं, म्हणजे काय ते समजलो. खरा प्रश्न लोकलचा आहे. माहेरचे सगळे पश्चिमवाले. त्यांचं एकच पालुपद: सेंट्रलला जाऊ नकोस, तिथे गाडी वेळेवर आली तर बातमी होते. सासरचे कल्याण-अंबरनाथचे. ते म्हणतात, आधी विरार गाडीत चढून दाखव, मग बोल.

मध्य मार्गावरच गाड्या जास्त का रखडतात, हे कोणी नीट सांगेल का? "मॅनेजमेंट बेकार" हे उत्तर नको, ते रिक्षावाले पण देतात.

---

विरारकर_बुवा

पश्चिम. विषय संपला. धागा बंद करा.

---

कोपरवाला

बुवा, तुमच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीचा माणूस चढला तर त्याला बोरिवलीला उतरू देता का ते आधी सांगा.

---

विरारकर_बुवा

बोरिवलीच्या माणसाने बोरिवली गाडी पकडावी. त्याच्यासाठी वेगळ्या गाड्या आहेत. विरारच्या माणसाला विरारशिवाय कोण आहे?

---

पालघरची_पोर

घ्या! आणि विरारच्या पुढे कोणी राहतच नाही वाटतं. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आहे, बुवा. आम्ही माणसंच आहोत.

---

जुना_केबिनवाला

मुक्ताताई, प्रश्न चांगला विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. नोकरी रेल्वेच्या परिचालन विभागात गेली, आता निवृत्त आहे. मोबाइलवर टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पश्चिम आणि मध्य यांत माणसांचा फरक नाही, रुळांचा आहे. चर्चगेटला कधी मेल गाडी उभी असलेली पाहिलीत? नाही. कारण लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे मुंबई सेंट्रललाच थांबतात. पूर्वी बी.बी.सी.आय. रेल्वेचं (आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज) टोक कुलाब्याला होतं. १९३० च्या डिसेंबरात मुंबई सेंट्रल सुरू झालं, कुलाबा बंद झालं, आणि चर्चगेट ते मुंबई सेंट्रल हा पट्टा निव्वळ लोकलचा झाला. त्या निर्णयाची फळं पश्चिमवाले अजून खातायत. पुढे बोरिवलीकडे पाचवी लाइन आली, आता सहावीचंही काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकलंय. शिवाय सगळा मार्ग सरळसोट, लोकलला फाटा नाही.

आता सीएसएमटी बघा. फलाट १ ते ७ लोकलचे, त्यातले पहिले दोन हार्बरचे. ८ पासून पुढे १८ पर्यंत मेल-एक्स्प्रेस. एका तोंडातून दोन्ही घास. कुर्ला ते कल्याण सहा लाइन आहेत, पण कुर्ल्याच्या दक्षिणेला मुख्य मार्गाच्या चारच. पाचवी-सहावी लाइन तिथे जागेअभावी वर्षानुवर्षं अडली आहे. म्हणजे दादरला किंवा सीएसएमटीला जाणारी प्रत्येक एक्स्प्रेस कुर्ल्यानंतर तुमच्या फास्ट लोकलच्या रुळावर येते. नागपूरहून येणारी गाडी घाटात अर्धा तास खोळंबली की तिची ठरलेली वेळ चुकते, आणि सकाळच्या गर्दीत तिला दोन लोकलच्या मधे कुठेतरी घुसवावं लागतं. लोकल तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावतात. अशा रांगेत एक गाडी घुसवली की तिच्या मागच्या सगळ्या सरकतात.

आता कल्याण. इथे मार्ग दोन होतात, एक कसाऱ्याला, एक कर्जतला. दोन्हींच्या पुढे घाट. नाशिककडच्या गाडीला कसाऱ्याला चढावर ढकलायला मागून बँकर इंजिन लागतं, पुण्याकडच्या गाडीला कर्जतला. कर्जत-खोपोली तर एकेरी मार्ग आहे. या दोन्ही शाखांच्या गाड्या कल्याणला येऊन एकमेकींच्या आडव्या जातात. कसाऱ्याहून आलेली गाडी फास्टला घ्यायची तर कर्जतच्या गाडीला थांबवावं लागतं. नियंत्रणाच्या बोर्डावर बसलेला माणूस कितीही हुशार असला तरी रुळावरून गाडी उचलून पलीकडे ठेवता येत नाही.

राहिलं दिवा स्टेशनाजवळचं रेल्वे फाटक. त्यावर नंतर लिहितो, नातीला क्लासला सोडायचंय.

---

मुक्ता_भांडुप

काका, हे इतकं सरळ मला कोणीच सांगितलं नव्हतं. फाटकाची वाट बघते.

---

चारचौघी

+१. चर्चगेटला मेल गाडी नसते हे रोज बघूनही कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

विरारकर_बुवा

म्हणजे मी म्हणालो तेच काकांनी दहा ओळी जास्त लिहून सांगितलं. पश्चिम.

---

पालघरची_पोर

बुवा, काकांनी दिलेलं कारण नीट वाचा, "रुळांचा फरक". विरारपर्यंत चार रूळ आहेत म्हणून तुमची ऐट. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत दोनच. आमच्या लोकलला सफाळ्याला, केळवे रोडला बाजूला उभं करतात आणि राजधानी, मालगाडी पुढे काढतात. आम्हीही पश्चिमच आहोत, पण आमच्याकडे कोणी वेळापत्रकाबद्दल बोलत नाही, "गाडी सुटली का?" एवढंच विचारतात. तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम चालू आहे. ते झालं की मी पण ऐट करेन.

मुक्ताताई, नालासोपारा विरारच्या अलीकडे आहे त्यामुळे हा त्रास तुम्हाला नाही. पण "पश्चिम म्हणजे वेळेवर" हे बिरुद विरारला संपतं.

---

पारसिक_पंखा

पारसिक हे नाव बघून कोणी मला ठाण्याचा समजेल, पण मी डोंबिवलीचा. काकांच्या पोस्टला एक जोड देतो.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. त्याआधी आमची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ चा बोगदा, सुमारे १.३ किलोमीटर. आत शिरली की दारातले पोरगे बोंब ठोकायचे, ती परंपरा होती. नव्या रचनेत बोगद्याची जुनी जोडी मेल-एक्स्प्रेसला दिली आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने खाडीकाठाने वळवल्या. लोकलच्या वाटेतून मेल गाड्या या पट्ट्यात बाजूला झाल्या हा मोठा फायदा. तोटा असा की सरळ बोगद्याच्या जागी वळणं आली.

त्या वळणावर ९ जून २०२५ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन विरुद्ध दिशांच्या गाड्या, दोन्हींच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली. मी त्यावर जास्त लिहीत नाही.

---

कळव्याची_सून

आणि कळवेकरांचं काय? फास्ट आमच्या नाकासमोरून जाते, थांबत नाही. स्लो येते ती मुंब्र्याहूनच गच्च. म्हणून लोक कारशेडमध्ये चालत जाऊन रिकाम्या गाडीत बसतात. ते बेकायदा आहे, पोलीस धरतातही. पण पाठीवर बाळाची बॅग, हातात डबा, आणि प्लॅटफॉर्मवर आलेल्या गाडीच्या दारात पाय ठेवायला चार बोटं जागा नाही. काय करायचं ते सांगा मग.

---

जुना_केबिनवाला

कळव्याच्या ताई, कारशेडमध्ये जाऊ नका, तिथे गाडी कधी हलेल ते चालकाशिवाय कोणाला माहीत नसतं. तुमची अडचण खरी आहे.

आता फाटक. दिवा पूर्व-पश्चिम जोडणारा रस्ता रुळांवरून जातो. फाटकाचं आणि सिग्नलचं कुलूप एकमेकांत गुंतलेलं असतं. फाटक बंद होऊन कुलूप लागलं तरच सिग्नल हिरवा देता येतो. फाटक उघडलं, त्यात एक टेम्पो आणि तीन रिक्षा अडकल्या, मागून दुचाकीवाले घुसले, की फाटकवाला खाली उतरून हात जोडतो. तोवर सिग्नल लाल. मागे कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली अशा गाड्या उभ्या राहत जातात. सकाळी फाटक दोन मिनिटं जास्त उघडं राहिलं तर त्याचा परिणाम दुपारपर्यंत पुसला जात नाही. आम्ही नोकरीत होतो तेव्हा दिव्याचा फोन वाजला की चहा बाजूला ठेवायचो. पुलाचं काम किती वर्षं लोंबकळलं ते दिवेकरांनाच विचारा.

अजून एक. दिव्याजवळ पनवेल-वसई मार्ग आपल्या मार्गाला येऊन भिडतो. न्हावाशेवा बंदराच्या मालगाड्या त्यावरूनच जातात. कोपरला वरचा फलाट आहे ना, तो त्याच मार्गाचा. पश्चिमेला याच्या जोडीला काय आहे? वसई रोड. बस.

---

कोपरवाला

वरच्या फलाटावरून वसईला जायची मेमू (लोकलसारखी विजेवरची गाडी) आहे, दिवसात मोजक्या फेऱ्या. मुक्ताताई, नालासोपारा घेतलंत तर तुमच्या मिस्टरांना ऐरोलीसाठी ही गाडी लक्षात ठेवावी लागेल, नाहीतर दादरला येऊन परत ठाण्याकडे जायचं. म्हणजे इंग्रजी यू. घोडबंदरवरून बसने जायचं मनात असेल तर घोडबंदर एकदा पावसात बघून या.

---

ऐरोलीकर

मी रोज अंबरनाथहून ऐरोलीला येतो त्यामुळे यात अधिकाराने बोलू शकतो. बदलापूर-ठाणे, मग ठाण्याला नऊ-दहा नंबरवर ट्रान्सहार्बर. ही लाइन २००४ ला आली. गाडी ठाण्याहूनच सुटते, बसायला मिळण्याची शक्यता बरी. पण ठाण्याचा जिना! पाच-सहा नंबरवरून नऊ-दहाला जाताना सकाळी माणूस चालत नाही, ढकलला जातो. २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच-सहा नंबर रुंद केला, त्याने खरंच फरक पडला.

कळवा-ऐरोली जोडमार्ग झाला असता तर कल्याणकडच्या लोकांना ठाण्याला उतरावंच लागलं नसतं. दिघा गाव स्टेशन झालं, जानेवारी २०२४ ला सुरू झालं. त्याला जोडणारा उन्नत मार्ग मात्र झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकला. त्यामुळे त्यावर विसंबून घर घेऊ नका.

---

मुक्ता_भांडुप

म्हणजे नवऱ्यासाठी बदलापूर सरळ आहे. आता माझ्या परळचं सांगा. नालासोपाऱ्याहून प्रभादेवीला उतरून पुलाने परळला येता येईल असं मला वाटलं होतं.

---

चारचौघी

येतं, पण प्रभादेवीला फास्ट थांबत नाही. दादरला उतरून स्लो पकडायची किंवा दादरहूनच चालत यायचं. मी दादरहून चालते. एल्फिन्स्टनचा (प्रभादेवीचं जुनं नाव) रस्त्याचा जुना पूल पाडायला बंद केल्यापासून त्या भागातली वाहनं सगळी दुसरीकडून फिरतात, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. पादचारी पुलावरून मात्र जाता येतं.

२०१७ च्या सप्टेंबरात ज्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली, तेच हे स्टेशन. नंतर लष्कराने पूल बांधून दिला. तेव्हापासून पाऊस आला आणि पुलावर लोक थबकले की मी खालीच थांबते, उशीर झाला तरी चालेल.

आणि हो, दादरला सेंट्रलचे फलाट आता आठपासून चौदापर्यंत आहेत, २०२३ च्या डिसेंबरात आकडे बदलले. जुन्या सवयीने "तीन नंबर" म्हणालात तर पश्चिमेच्या गाडीत बसाल. माझ्या जाऊबाई बसल्या, थेट वांद्र्याला उतरल्या.

---

विरारकर_बुवा

जाऊबाईंना पहिल्यांदा वेळेवर गाडी मिळाली असेल.

---

डोंबिवलीचा_नाना

बुवा 😀

मुक्ताताईंना एक कामाची गोष्ट कोणीच सांगितली नाही. परळहून गाड्या *सुटतात*. २०१९ पासून परळ टर्मिनस झालंय. संध्याकाळी दादरला दारात लोंबकळण्यापेक्षा परळहून सुटणारी कल्याण लोकल बघा. तिथून सुटते म्हणजे रिकामी मिळते, खिडकी मिळेल म्हणत नाही पण तिघांच्या बाकावरची चौथी सीट तरी मिळेलच. कल्याणला उतरून बदलापूरची पकडायची. कल्याणच्या पुढे गर्दी बरीच ओसरलेली असते. ऑफिस परळला असणं ही लॉटरी आहे, वापरा.

इंडिकेटरवरची अक्षरं भांडुपकर म्हणून तुम्हाला पाठ असतीलच. तरी सांगतो: बीएल बदलापूर, ए अंबरनाथ, एस कर्जत, एन कसारा, टीएल टिटवाळा. एस बघून "स्लो आहे वाटतं" म्हणून चढणारे पाहुणे मी पाहिलेत. ते नेरळला माथेरान बघूनच आले.

---

सानिका_ठाकुर्ली

सकाळचं पण सांगा ना. बदलापूरहूनच सुटणारी गाडी असेल तर बसायला मिळतं, पण अंबरनाथ-उल्हासनगरचे लोक डाऊन करून, म्हणजे जागेसाठी आधी उलट्या दिशेने जाऊन, बदलापूरला येतात. तुम्ही प्लॅटफॉर्मवर पोचता तेव्हा गाडीच्या खिडक्यांवर रुमाल पसरलेले, आणि "इथे माणूस आहे". माणूस वॉशरूमला गेलेला असतो म्हणे, उल्हासनगरला असतो खरा तर.

नालासोपाऱ्यालाही हेच. लोक विरारला डाऊन करतात. महिला डब्यात ग्रुप ठरलेले, कोण कुठल्या स्टेशनला उठणार आणि तिच्या जागी कोण बसणार याची यादी बायकांना तोंडपाठ. नवीन बाईला आधी काही दिवस उभंच राहावं लागतं. मग कोणीतरी विचारतं, "कुठे उतरणार?" तो प्रवेश समजायचा. हळदीकुंकू डब्यातच, भोंडलाही. भांडणं पण तिथलीच, भाजी निवडणंही.

---

चारचौघी

जगातली पहिली महिला विशेष गाडी चर्चगेट-बोरिवली, १९९२ ची. हे पश्चिमेच्या खात्यात जमा करा.

---

पारसिक_पंखा

मग हे मध्यच्या खात्यात: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, साहिब-सिंध-सुलतान तीन इंजिनं. आणि ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी-कुर्ला, देशातली पहिली विजेवरची गाडी. पश्चिमेला वीज १९२८ मध्ये. आमच्याकडे सगळं आधी येतं, फक्त गाडी नंतर येते.

---

संपादक_मंडळ

धागा छान चालला आहे. मध्य-पश्चिम कुरघोडी मर्यादेत ठेवा, कृपया.

---

वसईची_मावशी

अगं मुक्ता, पावसाचं कोणी बोललंच नाही. मी वसईत जन्मले, लग्न होऊन वसईतच आले. नालासोपारा सखल आहे गं. २०१८ च्या जुलैत रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरार पट्ट्यात गाड्या बंद, लाइट बंद. आम्ही गच्चीवर पाणी साठवायला पातेली लावली होती. घर पश्चिमेला घेणार असशील तर तळमजला मुळीच नको, आणि ज्या गल्लीत घर आहे तिथल्या किराणावाल्याला विचार, पाणी कुठवर येतं. तो फळीवर खूण दाखवेल. बिल्डर दाखवणार नाही.

---

ऐरोलीकर

मावशी, बदलापूर काही मागे नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मधे उल्हास नदीच्या पाण्यात अडकली होती. हजारभर प्रवासी, त्यांना एनडीआरएफने होड्यांनी, नौदलाच्या मदतीने बाहेर काढलं. नदीकाठच्या इमारती "रिव्हर व्ह्यू" म्हणून विकतात. व्ह्यू कधीकधी घरात येतो.

---

जुना_केबिनवाला

बरोबर. आणि शहरात पाणी भरलं तर दोन्हीकडचे अडकतात, पण मध्यला जास्त, कारण कुर्ला-सायन पट्टा मिठी नदीच्या कडेला सखल आहे, हार्बरचं चुनाभट्टीही तसंच. पाण्याने रुळांचे सांधे बदलणारी मोटर बंद पडते. मोटर बंद म्हणजे सांधा हाताने फिरवून कुलूप लावायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून. लोक गाडीतून शिव्या देतात, तो माणूस कोणाला दिसत नाही.

---

नवा_मोटरमन_नाही

एसी लोकलबद्दल कोणी बोलत नाही? २५ डिसेंबर २०१७ ला पहिली एसी लोकल पश्चिमेला धावली. मे २०२२ मध्ये तिकीट निम्म्यावर आलं, पण पासाला ती सवलत नाही, हे हिशेबात धरा. मुक्ताताईंना पास काढायचा असेल तर घरच्या हप्त्याशेजारी हाही हप्ता आहे.

मुंब्र्याच्या अपघातानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारे दरवाजे देणार असं जाहीर झालं. दाराला जाळीच्या झडपा, छपरावर हवा आत सोडणारे पंखे, डब्यातून डब्यात जायची सोय. म्हणजे दारात लटकणं बंद.

---

कळव्याची_सून

लटकणं बंद म्हणजे लटकणारे जाणार कुठे? ते हौसेने लटकत नाहीत.

---

सानिका_ठाकुर्ली

अगदी अगदी. एसी लोकलला दादरला काय होतं ते बघा. दारात एका माणसाची बॅग अडकते, दार बंद होत नाही, दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. आरपीएफवाला येऊन ढकलतो तेव्हा कुठे. प्रत्येक स्टेशनला वीस सेकंद जास्त गेले की काकांनी सांगितलेलं तेच, मागच्या सगळ्या सरकतात.

---

जुना_केबिनवाला

सानिका, मुद्द्याला हात घातलास. दरवाजे हवेतच. मुंबईच्या रुळांवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं जातात, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. हा आकडा ज्याने रेल्वेत नोकरी केली त्याच्या झोपेत येतो. पण दरवाजे लावायचे तर फेऱ्या वाढायला हव्यात, बारा डब्यांच्या पंधरा व्हायला हव्यात, आणि त्यासाठी प्लॅटफॉर्म लांब हवेत. पश्चिमेला पंधरा डब्यांच्या गाड्या २००९ पासून आहेत आणि बऱ्यापैकी वाढल्या. मध्यला २०१२ पासून आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कारण पुन्हा जागा. सीएसएमटीच्या बाहेर एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला यार्ड.

१९९९ मध्ये रेल्वे आणि राज्य सरकारने मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढलं ते याच कामांसाठी. कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही, ठाणे-दिवा झालंच ना. पण रूळ टाकायला वर्ष लागतं आणि रुळाखालची जमीन मोकळी करायला दहा. विजेचंही तसंच. जुना १५०० व्होल्ट डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी आला, पश्चिमेला २०१२ मध्ये काम संपलं, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरला २०१६ मध्ये. तिथे जमीन लागत नव्हती, म्हणून तरी झालं.

---

डोंबिवलीचा_नाना

ऑफिसच्या वेळा बदला हा उपाय २०२३ मध्ये मध्य रेल्वेने स्वतःच्या कार्यालयात करून पाहिला, इतर कार्यालयांनाही पत्रं लिहिली. आमच्या साहेबांकडेही विषय निघाला. साहेब म्हणाले, उत्तम कल्पना आहे, तुम्ही लवकर या. जायची वेळ तीच.

---

मुक्ता_भांडुप

😀 आमच्याकडेही तोच साहेब आहे वाटतं.

बरं, बदलापूरवाल्यांनी शेवटचं सांगा. एजंट म्हणतो, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन होतेय, अंबरनाथ-बदलापूरच्या मधे चिखलोली स्टेशन होतंय, मग भाव दुप्पट. खरं किती?

---

ऐरोलीकर

काम चालू आहे, गाडीतून दिसतं. आज कल्याणच्या पुढे दोनच रूळ, त्यावरच तुमची लोकल, त्यावरच पुण्याची एक्स्प्रेस, त्यावरच मालगाडी. चार झाले की बदलापूरचं नशीब बदलेल यात शंका नाही. पण एजंटने सांगितलेल्या तारखेवर सही करू नका. चिखलोली स्टेशनच्या नावाने तर स्टेशन व्हायच्या कितीतरी आधीपासून जागा विकतायत.

---

जुना_केबिनवाला

आज जे रूळ आहेत त्यावर हिशेब करा, ताई. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, नालासोपारा चर्चगेटपासून ५६. अंतराने नालासोपारा जवळ, वेळेच्या भरवशाने नालासोपारा सरस, हे मी मध्यचा माणूस असून सांगतो. पण तुमच्या घरात दोन नोकऱ्या आहेत. यजमानांना नालासोपाऱ्याहून ऐरोली म्हणजे दर खेपेला वनवास. बदलापूर घेतलंत तर दोघांनाही एकच लाइन, तुम्हाला संध्याकाळी परळहून गाडी, आणि एकाला उशीर झाला तर दुसरा ठाण्याला थांबू शकतो. त्यातल्या त्यात कल्याणच्या अलीकडे, डोंबिवली-ठाकुर्लीला जुन्या इमारतीत काही मिळतंय का पाहिलंत? जागा लहान होईल, पण कल्याणचा सांधा आणि त्याच्या पुढचे दोन रूळ तुमच्या आयुष्यातून जातील. दिव्याचं फाटक राहील. त्याला इलाज नाही.

---

सानिका_ठाकुर्ली

ठाकुर्लीला आमच्या शेजारच्या इमारतीत एक वन आरके विकायला आहे. लिफ्ट नाही, तिसरा मजला. तुमच्या विपुत (विचारपूस पानावर) लिहिते.

---

मुक्ता_भांडुप

सासूबाईंचे गुडघे आहेत गं, तिसरा मजला नाही जमणार. तळमजला-पहिला काही कळलं तर नक्की सांग.

आमचं असं ठरतंय: नालासोपारा बाद. डोंबिवली-ठाकुर्लीला महिनाभर शोधायचं, नाही मिळालं तर बदलापूरला आधी भाड्याने राहून एक पावसाळा काढायचा आणि मगच घ्यायचं. नवरा नाना म्हणाले तसं परळहून कल्याण गाडी खरंच रिकामी मिळते का ते बघायला उद्या माझ्याबरोबर येतोय. माहेरी अजून सांगितलेलं नाही.

---

विरारकर_बुवा

माहेरी सांगू नकाच. फक्त उशीर झाला की फोन उचलू नका.

---

डोंबिवलीचा_नाना

उद्या जाताना परळला पुलावरून उतरलात की इंडिकेटर बघा, "के" असेल आणि गाडी फलाटावर लागलेली असेल तरच बसा. मागून येणारी सीएसएमटीची कल्याण पण "के"च दाखवते आणि ती भरून येते.

---

नवी_सभासद_रेवती

नमस्कार, याच धाग्यावर विचारते. ऑफिस बीकेसी, मिस्टरांचं तळोजा. मीरा रोड, टिटवाळा की पनवेल?

---

संपादक_मंडळ

रेवती, नवा धागा काढा. जुना_केबिनवाला काकांना तिकडे पाठवतो.